फारसं नाव न झालेले चांगले गोल्फ कोर्स: कोणते, आणि ते ओळखायचे कसे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हँडिकॅप १८ (म्हणजे अठरा होलच्या फेरीत पारपेक्षा, ठरलेल्या फटक्यांपेक्षा, साधारण अठरा फटके जास्त), पुढच्या वर्षी पहिल्यांदाच फक्त गोल्फसाठी दहा दिवस बाहेर पडायचं आहे, आणि जिथे चौकशी करावी तिथे तीच वीस-पंचवीस नावं ऐकू येतात. तिथे एकतर खेळायची वेळ मिळत नाही, मिळाली तर परवडत नाही. तेव्हा योग्यता असूनही ज्यांचं म्हणावं तसं नाव झालं नाही, असे कोर्स कोणते?

मी सव्वीस वर्षं गोल्फ कोर्सवर गवत आणि माती सांभाळतोय. आधी ग्रीनकीपर होतो, आता निरनिराळ्या कोर्सना सल्ला देतो. त्यामुळे माझं उत्तर थोडं जमिनीच्या बाजूने येईल. नावं देतोच, पण नुसत्या नावांनी तुमचं काम भागणार नाही. उद्या दुसरा कोणी वेगळी दहा नावं देईल आणि तुम्ही पुन्हा गोंधळात पडाल. कोर्स चांगला आहे हे त्याच्या प्रसिद्धीकडे न बघता कसं ताडायचं, ही खरी अडचण आहे. तेवढं जमलं की पुढचे दहा कोर्स तुमचे तुम्हीच शोधाल.

आधी चांगले कोर्स मागे का राहतात ते बघू. ‘गोल्फ डायजेस्ट’ या अमेरिकन मासिकाने १९६६ साली जी पहिली यादी काढली, तिच्यात अमेरिकेतले सर्वांत अवघड २०० कोर्स होते. अवघड, म्हणजे बहुतेक करून लांब. पुढे निकष बदलले, यादीचं नावही बदललं, पण ‘जितका अवघड तितका थोर’ ही समजूत खेळाडूंच्या डोक्यात मुरली ती मुरलीच. ५,८०० यार्डांचा कोर्स म्हटलं की आजही लोक ‘म्हाताऱ्यांसाठी असेल’ असं म्हणून पुढे जातात. त्यात भर फोटोंची. फोटोत समुद्र दिसतो, पांढरी वाळू दिसते, हिरवा रंग दिसतो. जमीन किती कडक आहे, टप्पा पडल्यावर बॉल कुठे वळतो, हे फोटोत येत नाही. आणि खेळाची मजा तर बरीचशी तिथेच असते.

याचा एक अनुभव मला अजून टोचतो. मी एका क्लबमध्ये कामाला होतो. जमीन रेताड, पाणी मुरून जाणारी, गवत बारीक पात्याचं फेस्क्यू. उन्हाळ्यात फेअरवे, म्हणजे होलमधले कापलेल्या गवताचे लांब पट्टे, पिवळट पडायचे, पण बॉल टणकन उसळून तीस-तीस यार्ड पळायचा. समितीत नवी मंडळी आली आणि त्यांना हिरवा रंग हवा झाला. पाहुणे फोटो काढतात, म्हणाले. मी सांगून बघितलं, ऐकलं गेलं नाही. पाणी वाढलं, खत वाढलं. दोन हंगामांत फेस्क्यू मागे हटलं आणि ओल्यात फोफावणारं पोआ गवत घुसलं. मातीचा नळीसारखा नमुना (कोर) कापून काढला तर पात्यांखाली बोटभर जाड, ओल्या स्पंजसारखा थर, ज्याला आम्ही थॅच म्हणतो. कोर्स दिसायला सुरेख झाला. पण तिथल्या सातव्या होलवर जुने सभासद ग्रीनच्या (जिथे भोक असतं त्या गुळगुळीत गवताच्या) चाळीस यार्ड अलीकडे, डाव्या चढावर बॉल टाकायचे आणि तो उतरणीने वळत वळत ग्रीनवर जायचा. आता त्याच जागी बॉल पडला की थप्पकन तिथेच बसायला लागला. सत्तरीतले एक गृहस्थ रोज तो शॉट मारून बघायचे. दोन आठवड्यांनी त्यांनी वेज, म्हणजे बॉल उंच उडवणारी काठी, काढला. त्या होलवरचा सगळ्यांत सुंदर शॉट पाण्यात बुडाला आणि स्कोअरकार्डावर त्याची कुठेच नोंद नाही.

तेव्हापासून नव्या कोर्सवर गेलो की मी पहिली फेरी बॅग न घेता चालतो. पायाखाली जमीन कशी लागते ते बघतो. टाच दाबली तर खळगा राहतो का? मग ग्रीनच्या समोरची जागा बघतो. तिथून बॉल घरंगळत आत जाऊ शकतो, की समोर वाळू नाहीतर पाणी आहे आणि हवेतून जाण्यावाचून मार्गच नाही? हवेतूनच जावं लागत असेल, तर तुमच्या हँडिकॅपच्या माणसाला एकच शॉट उरतो आणि तोही त्याचा हुकमी शॉट नसतो. त्यानंतर एका ग्रीनवरून पुढच्या टीपर्यंत (पुढच्या होलचा पहिला फटका मारायच्या जागेपर्यंत) किती पावलं पडतात ते मोजतो. जिथे गाडीशिवाय जाताच येत नाही, तिथे बहुतेक वेळा घरांचे प्लॉट आधी आखलेले असतात आणि उरलेल्या जागेत होल बसवलेले असतात.

रात्री कागद घेऊन अठराही होल आठवणीने लिहून काढतो. हे तुम्हीही करून बघा, नाव झालेल्या कोर्सवरसुद्धा. कितीतरी महागड्या कोर्सचे मला नऊ-दहाच होल आठवतात, बाकीचे एकमेकांत मिसळून जातात. आणि एखाद्या गावच्या साध्या कोर्सचे अठराच्या अठरा डोळ्यांसमोर उभे राहतात.

ग्रीनच्या वेगाबद्दलही सांगायला हवं. एडवर्ड स्टिम्पसन यांनी १९३५ साली वेग मोजायची पट्टी केली, स्टिम्पमीटर. तिच्या खाचेतून सोडलेला बॉल सपाट ग्रीनवर जितके फूट जातो तो त्या ग्रीनचा आकडा. ते चांगलं अवजार आहे, माझ्याही गाडीत असते. पण क्लब एकमेकांशी या आकड्यांची स्पर्धा करायला लागले. ग्रीन बाराच्या वेगाने ठेवायचं तर त्याला मोठे चढउतार परवडत नाहीत, बॉल थांबणारच नाही. मग चढउतार कापून ग्रीन सपाट केले जातात. म्हणून एखाद्या जुन्या कोर्सचे ग्रीन आठ-नऊवर चालतात असं कळलं तर नाक मुरडू नका. तिथले चढउतार अजून शाबूत असण्याची शक्यता त्यामुळेच जास्त.

आता नावांकडे येतो. स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूज या गोल्फच्या प्रसिद्ध गावापासून साधारण वीस किलोमीटरवर एली हे समुद्रकाठचं गाव आहे. पहिल्या टीवर उभं राहिलं की समोर टेकाड, पलीकडचं काही दिसत नाही. स्टार्टरच्या खोलीतून एक नळी वर आलेली आहे. तो एचएमएस एक्सकॅलिबर या पाणबुडीचा पेरिस्कोप. स्टार्टर त्यातून टेकाडापलीकडचा फेअरवे मोकळा झालाय का ते बघतो आणि मग तुम्हाला मारायला सांगतो. एलीबद्दल जो तो एवढीच गोष्ट सांगतो. पण कोर्स बघा. अठरापैकी सोळा होल पार चारचे, दोन पार तीनचे, पार पाच एकही नाही. कागदावर हे एकसुरी वाटतं आणि यादी करणारे तिथेच गुण कापतात. प्रत्यक्षात सोळांतले कुठलेही दोन सारखे नाहीत. कुठे वारा पाठीवर घेऊन ग्रीनच्या तोंडाशी पोहोचता, तर कुठे त्याच लांबीच्या होलवर वाऱ्यात दोन पुरे शॉट मारूनही अलीकडेच राहता. तेरावा होल खाडीच्या कडेने जातो, समोर किनक्रेगचा कडा. तिथे मी संध्याकाळी उभा होतो, उन्हं तिरपी झाली होती आणि दिवसभर सपाट भासलेल्या फेअरवेवर शेकडो बारीक वळ्या सावल्यांमुळे उमटल्या होत्या. आपला बॉल दुपारी उजवीकडे का गेला, ते मला तेव्हा दिसलं. १९०१ ते १९१० या काळात पाच वेळा ब्रिटिश ओपन स्पर्धा जिंकणारे जेम्स ब्रेड याच जोडगावातले, अर्ल्सफेरीचे.

ब्रेड यांनी १९२३ साली आखलेला ब्रोरा आणखी उत्तरेला आहे. त्याच रस्त्यावर अलीकडे रॉयल डॉर्नॉक लागतो, जगभरचे लोक तिथे येतात आणि बहुतेक तिथूनच परत फिरतात. ब्रोराची जमीन सामायिक चराईची. मी गेलो तेव्हा मेंढ्या आणि गाई फेअरवेवर चरत होत्या आणि ग्रीनभोवती गुडघ्याएवढ्या उंचीची विजेची तार होती, ती ओलांडून पटिंग करायला (बॉल भोकात घालायला) जायचं. माझ्या धंद्यातल्या माणसाला तो कोर्स म्हणजे शाळा आहे. मेंढीने कुरतडलेलं गवत मशीनने कापल्यापेक्षा दाट आणि बुटकं राहतं. लिंक्सचे, म्हणजे समुद्रकाठच्या रेताड कोर्सचे, पहिले ग्रीनकीपर मेंढ्याच होत्या, हे आम्ही शिकताना नुसतं ऐकलेलं असतं.

बंकरबद्दल, म्हणजे वाळूच्या खड्ड्यांबद्दल, तुमची तक्रार असेल, जी १८ हँडिकॅपला असतेच, तर इंग्लंडमधले दोन कोर्स मनावर घ्या: रॉयल अॅशडाउन फॉरेस्टचा ओल्ड कोर्स आणि किंग्टन. दोन्हीकडे वाळूचा एकही बंकर नाही. अॅशडाउनला जंगलाच्या नियमांमुळे जमीन खणायची मुभा नव्हती. क्लब १८८८ पासूनचा, आणि रायडर कप या अमेरिका-युरोप स्पर्धेच्या करंडकावर ज्यांची आकृती आहे ते एब मिचेल याच भूमीवर खेळायला शिकले. किंग्टन डोंगरमाथ्यावर आहे, इंग्लंडमधला सर्वांत उंचावरचा अठरा होलचा कोर्स. तिथे ग्रीनभोवती गवताचे उंचवटे आणि खळगे आहेत. लोकांना वाटतं बंकर नाहीत म्हणजे सोपं. मी दोन्हीकडे नेलेल्या मित्रांचं मत तिसऱ्या होललाच बदललं. बंकरमध्ये गेलात तर पुढे काय करायचं ते ठरलेलं असतं, सँड वेज काढायचा. गवताच्या खळग्यात पटर चालतो, सात नंबरचं आयर्न चालतं, वेजही चालतो, आणि तिन्हींचा निकाल वेगळा. निवड तुमची, चूकही तुमचीच. तरी बॉल हरवत नाही आणि फेरी बिघडत नाही. तुमच्या पातळीच्या खेळाडूला शॉर्ट गेम (ग्रीनजवळचा खेळ) शिकायला यापरती जागा मला माहीत नाही.

आयर्लंडमध्ये एडी हॅकेट यांचे कोर्स शोधा. हे गृहस्थ १९९६ साली गेले. पश्चिम किनाऱ्यावरच्या लहान गावांकडे पैसा नव्हता, यंत्रं नव्हती, त्यामुळे हॅकेट वाळूच्या टेकड्यांमधून पायी हिंडायचे आणि होल जिथे आधीपासूनच आहे असं वाटेल तिथे खुणेच्या काठ्या रोवायचे. माती हलवणं त्यांच्या मनालाही पटत नव्हतं. मेयो परगण्यातला कार्न हा त्यांच्या शेवटच्या कामांपैकी एक. तिथल्या टेकड्या एवढ्या उंच आहेत, की दोघे शेजारच्या होलवर खेळत असूनही फेरीभर एकमेकांना दिसत नाहीत. आता प्रामाणिकपणे सांगायचं, तर कार्नवर चढ फार आहे आणि काही शॉट आंधळे आहेत, बॉल कुठे जाणार ते दिसत नाही. गुडघे दुखत असतील तर तिथे जाऊ नका. पण गुडघे धड असतील तर त्या भागातल्या कुठल्याही नामांकित कोर्सच्या आधी मी तिथे जाईन. एनिसक्रोन आणि कॉनेमारा हेही त्यांचेच, थोडे सौम्य.

आस्कर्निशचा उल्लेख टाळवत नाही, कारण त्यात माझ्याच धंद्यातल्या एका माणसाचा हात आहे. स्कॉटलंडच्या साउथ उइस्ट बेटावर ओल्ड टॉम मॉरिस या एकोणिसाव्या शतकातल्या नामांकित खेळाडूने १८९१ साली कोर्स आखला होता आणि तो काळाच्या ओघात टेकड्यांत हरवला. गॉर्डन अर्विन या गवताच्या जाणकाराने २००५ च्या सुमारास त्याचा माग काढला आणि २००८ मध्ये तिथे पुन्हा खेळ सुरू झाला. बेटावर पोहोचायला दिवस मोडतो, म्हणून दहा दिवसांत बसेल की नाही ते तुम्ही बघा. तसाच अॅरन बेटावरचा शिस्किन, बारा होलचा. पूर्वी तिथे अठरा होल होते, त्यातले बाराच उरले, पण खेळून झाल्यावर काही कमी पडलं असं वाटत नाही.

अमेरिकेत जाणार असाल तर कॅलिफोर्नियातला पॅसिफिक ग्रोव्ह. पेबल बीच हा जगप्रसिद्ध कोर्स इथून हाकेच्या अंतरावर. १९१९ साली पेबल बीच आखणाऱ्या दोघांपैकी जॅक नेव्हिल यांनीच १९६० मध्ये या नगरपालिकेच्या कोर्सचे शेवटचे नऊ होल केले. पहिले नऊ घरांमधून आणि झाडांमधून जातात, आणि सुरुवातीलाच लागोपाठ दोन पार तीन येतात, त्यामुळे अनेकांचं मत पहिल्या वीस मिनिटांतच वाईट होतं. मग दहाव्याला रस्ता ओलांडून वाळूच्या टेकड्यांत उतरलात की पॉइंट पिनोसचं दीपगृह समोर येतं, वारा अंगावर येतो आणि खेळच बदलतो. दीपगृह १८५५ पासून तिथे आहे. पहिल्या नऊंना मीही थोर म्हणणार नाही. पण दुसऱ्या नऊंसाठी तो कोर्स जेवढा ओळखला जायला हवा त्याच्या पावही ओळखला जात नाही.

विस्कॉन्सिनमधला लॉसोनिया लिंक्स हा लँगफर्ड आणि मोरो या जोडीने १९३० साली केला. ग्रीन अक्षरशः ओट्यासारखे उचललेले, कडा उभ्या. सातव्या ग्रीनखाली रेल्वेचा डबा पुरलाय असं सांगतात, आणि ते ग्रीन बघितल्यावर विश्वास ठेवावासा वाटतो. या जोडीचं नाव त्यांचे समकालीन कोर्स-रचनाकार डोनाल्ड रॉस यांच्यापुढे झाकोळलं, त्यासोबत त्यांचे कोर्सही. नेब्रास्कात गॉथेनबर्ग गावाजवळचा वाइल्ड हॉर्स सर्वांना खुला आहे. तो करणारे डॅन प्रॉक्टर आणि डेव्ह ॲक्सलँड आधी सँड हिल्स या बंद दारांच्या प्रसिद्ध क्लबच्या बांधकामावर होते, आणि तीच रेताड माती, तोच वारा इथेही आहे. न्यूझीलंडला कोणी निघालं असेल तर पारापारौमू बीच, ॲलेक्स रसेल यांनी १९४९ मध्ये घडवलेला.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. तुमचा बॉल उंच जात असेल आणि घरी मऊ ग्रीनवर खेळायची सवय असेल, तर लिंक्सवर पहिले दोन दिवस वाईट जातील. सुटीच्या आधी महिनाभर तीस यार्डांवरून सात नंबरच्या आयर्नने बॉल जमिनीलगत घरंगळवायचा सराव करा. सोबत चालू न शकणारं कोणी असेल तर किंग्टन आणि कार्न वगळा. हवामानाची हमी कोणीच देऊ शकत नाही. एलीला मला एकदा सलग तीन दिवस धुकं मिळालं आणि पेरिस्कोपातूनही काही दिसेना. आणि स्लोप रेटिंग बघून कोर्सची प्रतवारी करू नका. तो आकडा ५५ ते १५५ च्या दरम्यान असतो, प्रमाण ११३ धरलेलं आहे, आणि नेहमी बोगी (होलला पारपेक्षा एक फटका जास्त) करणाऱ्या माणसाला तो कोर्स स्क्रॅच (हँडिकॅप शून्य) खेळाडूच्या तुलनेत किती जास्त जड जातो एवढंच त्यातून कळतं. कुठल्या टीवरून खेळायचं ते ठरवायला तो वापरा.

एक शंका तुमच्या मनात येईल, माझ्याही येते. असे कोर्स जगाला सांगितले तर ते तसेच राहतील का? टेनेसीतला स्वीटन्स कोव्ह २०१४ साली उघडला तेव्हा नऊ होल आणि एक शेड एवढंच होतं, कोणीही जाऊन खेळावं. आता नाव झालंय आणि पूर्ण दिवसाचे पास आधी मिळवावे लागतात. पण दुसरी बाजू मी जवळून बघितली आहे. लहान क्लबला पाहुण्यांची फी आली नाही की पहिली कात्री गवताच्या माणसांवर चालते. मी ज्या दोन छोट्या कोर्सना सल्ला द्यायचो, त्यांतला एक बंद पडला, तिथे आता नुसती झुडपं आहेत. म्हणून मी नावं लपवत नाही.

दहा दिवसांचं गणित मी असं करेन: एकच प्रदेश निवडा, गाडीतले तास कमी करा. स्कॉटलंड घेतलंत तर एली तीन दिवस, मधे एखादा दिवस सेंट अँड्र्यूजच्या खेळायच्या वेळेच्या लॉटरीत नाव टाकून नशीब बघायला, मग उत्तरेला डॉर्नॉक एकदा आणि ब्रोरा तीनदा. एकाच कोर्सवर तीनदा म्हटल्यावर तुम्हाला दिवस वाया गेल्यासारखं वाटेल, पण पहिल्या फेरीत तुम्ही फक्त वाट शोधता. दुसऱ्या फेरीत कुठल्या बाजूने ग्रीनला यायचं ते कळतं आणि तिसऱ्या फेरीत वारा फिरलेला असतो, म्हणजे सगळं पुन्हा वेगळं.

माझ्या यादीबाहेरचा एखादा कोर्स मनात भरला, तर बुकिंगच्या आधी तिथे फोन करा आणि ग्रीनकीपरशी बोलायला मिळेल का विचारा. लहान क्लबात बहुधा मिळतं. त्याला विचारा, की रात्रभर जोराचा पाऊस झाला तर सकाळी बॉल पळतो का, आणि ग्रीनच्या समोर तुम्ही पाणी मारता की नाही. जो माणूस यावर दहा मिनिटं न थांबता बोलतो, त्याच्याकडे दोन दिवस जास्त काढून जा.